बोअरच्या मोटरचा केबल जॉईंट सारखा सारखा जातोय? टेप बदलून भागणार नाही

सोलापुरात गड्ड्याची जत्रा (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) चालू होती तेव्हाची गोष्ट. मोहोळकडच्या एका डाळिंबवाल्या काकांचा सकाळी सातलाच फोन, "मोटर परत बसली रे, लगेच ये." परत म्हणजे आठ महिन्यांत चौथ्यांदा. ४२० फुटांचा बोअर, ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल ३८० फुटांवर सोडलेली, आणि दरवेळी तिपाई उभी करायची, चेनपुली लावायची, चार गडी बोलवायचे, सगळे पाईप वर काढायचे आणि मग कळायचं की केबलचा जॉईंट गेलाय. नवीन टेप मारायची, मोटर सोडायची, दोन महिने बरं चालायचं आणि बाग फळावर असताना नेमकं पाण्याच्या पाळीला स्टार्टर टिकायचा नाही. काका वैतागून नवी मोटर घ्यायच्या तयारीत होते, आणि मोटर तर ठणठणीत होती.

मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात मी सोळा वर्षं हेच काम करतोय आणि हा प्रकार मला दर उन्हाळ्यात दहा-बारा ठिकाणी तरी दिसतो. आमच्याकडं पाणी खाली गेलं की लोक दोन पाईप वाढवतात आणि केबलला तुकडा जोडतात, पुढच्या वर्षी परत दोन पाईप परत तुकडा, असं करत एकाच बोअरमध्ये तीन-तीन जॉईंट झालेले असतात. आणि सगळे एकाच पद्धतीचे, तारा सोलायच्या, पकडीनं पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची. करंट नेणं, पाणी अडवणं आणि ओढ सोसणं ही तिन्ही कामं त्या एका टेपेवर टाकलेली असतात. ती कामं वेगवेगळ्या वस्तूंना वाटून द्यावी लागतात, जॉईंट हा एक कनेक्टर समजून बनवावा लागतो, हे एकदा पटलं की बाकीचं अवघड नाही.

पण आधी खात्री करा की जॉईंटच गेलाय. मोटर चालू असताना टोंग टेस्टरनं (तारेभोवती चिमटा धरून करंट मोजायचा मीटर) तिन्ही फेजचा करंट बघा. ५ एचपीला साधारण ९-१० अँपिअर दिसायला पाहिजे आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. एका फेजला ७ आणि दोघांना ११ असं दिसलं की त्या कमीवाल्या फेजच्या वाटेत कुठंतरी अडथळा आहे, पण तो जॉईंटमध्येच असेल असं नाही, डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) ढिली ग्रिप (फ्यूजची), स्टार्टरचा जळका कॉन्टॅक्ट यानंही असंच होतं, म्हणून वरचं सगळं आधी तपासा आणि व्होल्टेज पण बघून घ्या. पाईपला किंवा स्टार्टरच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र मोटर पुन्हा चालू करून बघायची नाही, लगेच लाईट बंद.

मग मेगर, म्हणजे तारेच्या आवरणातनं वीज गळतेय का ते मोजायचं यंत्र, आकडा जितका मोठा तितकं आवरण चांगलं. मेन बंद करायचा, ग्रिपा काढून स्वतःच्या खिशात ठेवायच्या (शेतावर कोण कधी येऊन ग्रिप लावेल सांगता येत नाही), मोटरची केबल स्टार्टरमधनं तिन्ही टोकं मोकळी करायची, कारण सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) तसाच जोडलेला ठेवून मेगर मारला तर त्याचं कार्ड जातं. ५०० व्होल्टच्या मेगरनं केबल आणि अर्थिंग यांच्यात बघायचं. १ मेगओहमच्या खाली आलं की मोटर चालवायची नाही असा माझा नियम आहे. काकांच्या इथं ०.०८ आला.

एक गोष्ट फार कमी लोक करतात. मधे जॉईंट असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे तुकडे वाढवलेल्या केबलला, मोटर बंद केल्याबरोबर एकदा मेगर मारा आणि चार-पाच तासांनी पाणी वर चढल्यावर परत मारा. पाणी उपसून खाली गेलेलं असताना आकडा बरा येतो आणि पाणी चढल्यावर पडतो, असं झालं तर खराबी त्या दोन पातळ्यांच्या मधल्या भागात आहे, मोटरपाशी नाही. अर्थात हे करायचं तर मोटर चालण्याइतकी बरी पाहिजे, पूर्ण शॉर्ट असेल तर हा मार्ग बंद. पण चाललं तर काढताना कुठल्या पाईपपाशी नीट बघायचं ते आधीच कळतं.

काकांच्या मोटरचे सगळे पाईप वर आले तेव्हा मी आधी मोटरजवळच्या जॉईंटच्या वर केबल कापली, जॉईंटच्या खालीही कापली आणि दोन्हीकडं वेगळा मेगर मारला. मोटरच्या बाजूला ६० मेगओहम, वरच्या केबलला २०० च्या वर. म्हणजे ०.०८ जे येत होतं ते फक्त त्या वीतभर गाठीमुळं. ती गाठ मी तिथंच बांधावर बसून काकांच्या समोर ब्लेडनं उघडली. वरची टेप ओल्या कापडासारखी सुटून आली, टेपेच्या थरांमध्ये पाणी, आत चिकट काळपट डिंक राहिलेला. तिन्ही तारांच्या गाठी एकमेकींना चिकटून शेजारी शेजारी, लाल आणि पिवळ्याच्या मधलं आवरण भाजून तपकिरी झालेलं. आणि तांबं? गाठीपासून चार बोटं वर सोललं, तरी आतल्या बारीक तारा काळ्या. अजून चार बोटं सोललं तरी काळ्याच. पाणी केशवाहिनीसारखं बारीक तारांच्या मधल्या फटीतनं आवरणाच्या आतून वर चढलेलं. मागच्या तीन वेळा हाच काळा पडलेला भाग तसाच ठेवून वर नवा पीळ मारला होता, मग तो टिकणार कसा? चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापून टाकायची, तिथं लोभ करायचा नाही, आम्ही त्या दिवशी जवळजवळ दीड फूट कापली.

आता हे होतं का, ते समजून घ्या. जॉईंट ३८० फुटांवर, पाण्याची पातळी २०० फुटांवर, म्हणजे जॉईंटवर १८० फूट पाण्याचा दाब, हिशेबानं साडेपाच किलोच्या आसपास दर चौरस सेंटिमीटरला. साधी पीव्हीसी टेप एकमेकीला चिकटून राहते ती नुसत्या डिंकावर, तिचे थर एकजीव होत नाहीत, त्यामुळं त्या दाबाखाली पाणी थराथरातनं वाट काढतंच. त्यात मोटर चालू झाली की जॉईंट तापतो, बंद झाली की गार होतो, गार होताना आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढून घेते. आमच्याकडं लाईटच पाळीनं येते, त्यामुळं हे तापणं-गार होणं रोजचंच.

तापतो किती? पीळ मारलेल्या ढिल्या गाठीचा अडथळा गंज धरल्यावर ०.१ ओहम झाला असं धरा. १० अँपिअरला त्या गाठीत १० वॅट जळतात. ऐकायला कमी वाटतं, पण बोटाएवढ्या गाठीत आणि वर टेपेचं गोधडं. आणि डायरेक्ट स्टार्टरवर मोटर सुरू होताना करंट सहापट जातो, उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्या क्षणाला ३६ पट, ३६० वॅट. काही ठिकाणी गाठीला डाग देतात, म्हणजे सोल्डर करतात, ते नुसत्या पिळापेक्षा बरं आहे, पण नेहमीचं शिसं-कथील सोल्डर १८३ डिग्रीलाच मऊ व्हायला लागतं आणि सोल्डर जिथं संपतं तिथं तारा कडक होऊन हिसक्यानं तुटतात. मी सोल्डरवर भरवसा ठेवणं सोडलंय.

मी आता जो जॉईंट करतो तो असा. केबल ४ स्क्वेअर एमएमची तीन कोरची फ्लॅट. पहिली गोष्ट, तिन्ही जोड एकाच ठिकाणी येऊ द्यायचे नाहीत, पायऱ्या पाडायच्या. मोटरच्या बाजूची लाल तार ६ सेंटिमीटर, पिवळी १२, निळी १८ ठेवायची आणि वरच्या केबलची बरोबर उलटी, लाल १८, पिवळी १२, निळी ६. जोडल्यावर तीन जोड तीन वेगळ्या ठिकाणी बसतात, प्रत्येकाच्या शेजारी दुसऱ्या तारेचं अख्खं आवरण असतं, आणि जॉईंट जाड न होता लांबट सडपातळ होतो. बोअरमध्ये हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं वरचा मुरूम संपेपर्यंतच केसिंग (बोअरच्या भिंतीला लावलेला पाईप) असतं, खाली उघडा खडबडीत काळा दगड, जाड गाठ तिथं घासते.

तारा जोडायच्या आधी स्लीव्ह (गरम केल्यावर आक्रसणारी नळी) ओवून घ्यायची, प्रत्येक तारेवर एक आणि सगळ्यांवरची मोठी एक. हे विसरलं की जोड कापून परत करावा लागतो, माझ्या हाताखालचा पोरगा आता जोरात म्हणून दाखवतो, "स्लीव्ह घातली", मगच मी फेरूल (तारा जोडायची धातूची छोटी नळी) हातात घेतो.

जोडायला तांब्याचा कथील चढवलेला फेरूल, दोन्हीकडनं तार आत जाईल असा, ४ च्या केबलला ४ चाच. मोठा फेरूल घेऊन दाबून बसवायचा हा प्रकार नको. सोलताना ब्लेड फिरवू नका, तारा कापल्या जातात, सोलणी वापरा. तार फेरूलच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजे आणि बाहेर एखादा मिलिमीटर तांबं दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंना दोन-दोन दाब, आणि दाब साच्याच्या क्रिम्पिंग प्लायरनंच, जो पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही तो. पकडीनं चेपलेला फेरूल वरून सपाट दिसतो पण आत तारांच्या मधे हवा राहते, बरोबर दाबलेला फेरूल करवतीनं आडवा कापून बघा, आत तारा वेगळ्या दिसतच नाहीत, एकसंध तांबं दिसतं. मी एकदा दोन्ही कापून काकांना दाखवले, मग त्यांना प्लायरचा खर्च पटला.

तुमचा प्लायर आणि फेरूल यांचं जमतंय का ते शेतावर नाही, घरी तपासा. मीटरभर केबलच्या दोन तुकड्यांवर नमुना जोड करा, ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीतनं ६० वॅटच्या हेडलाईट बल्बमधनं करंट न्या, साधारण ५ अँपिअर वाहतो, आणि मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवून फेरूलच्या दोन्ही बाजूंच्या उघड्या तांब्यावर टोकं लावा. तेवढ्याच लांबीच्या, म्हणजे चारेक सेंटिमीटर अखंड ४ स्क्वेअरच्या तारेवर जवळपास १ मिलीव्होल्ट पडतो. जोडावर तेवढाच किंवा कमी पडला तर जोड तारेइतका पक्का. काकांच्या बोअरमधनं काढलेल्या जुन्या पिळाच्या गाठीवर मला ३८ मिलीव्होल्ट दिसले आणि बोटानं जरा हलवली तर ९० च्या वर उडी.

आता पाणी अडवायचं. इथंच फ्लॅट केबल दगा देते. गोल स्लीव्ह चपट्या केबलवर आक्रसली तरी कोरांच्या मधल्या खाचा तशाच राहतात आणि त्या खाचांमधनं पाणी सरळ आत येतं, वरून कितीही छान दिसू दे. म्हणून वरच्या मोठ्या स्लीव्हला मी पाणी अडवणारी समजतच नाही, ती फक्त घासण्यापासून राखण करायला. पाणी अडवायचं ते प्रत्येक तारेवर, वेगवेगळं. त्यासाठी आतून गोंद लावलेली हीट श्रिंक स्लीव्ह, तीनास एक आक्रसणारी, आणि फेरूलच्या दोन्ही बाजूंना किमान तीन सेंटिमीटर आवरणावर चढलेली. तेवढ्या भागात आवरण पॉलिश पेपरनं हलकं खरवडायचं, स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचं आणि मग तिथं बोट लावायचं नाही. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला उन्हात बसून जॉईंट करताना हाताचा घाम गळतो, तो खारट घाम आवरणावर राहिला की गोंद धरत नाही, म्हणून ताडपत्रीची सावली करून बसा, थोडा वेळ गेला तरी चालेल. थिनर वापरू नका, पीव्हीसी मऊ पडतं.

गरम करताना मधनं सुरू करून टोकांकडं जायचं, म्हणजे हवा बाहेर पडते. ज्योत निळी ठेवायची आणि सारखी हलवत राहायची, पिवळी ज्योत काजळी धरते आणि काजळी म्हणजे कार्बन, तो वीज वाहतो. एका जागी धरली तर आतलं पीव्हीसीच वितळतं. दोन्ही टोकांना गोंदाचं बारीक कडं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे, सगळीकडनं, मागनं पण, आरसा धरा किंवा केबल फिरवून बघा. कडं नाही तिथं सील नाही.

त्यावर आपोआप एकजीव होणारी रबर टेप, जिला चिकट बाजू नसते आणि मधे प्लॅस्टिकची पट्टी असते ती. ती ओढून, रुंदी पाऊण राहील इतकी ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळायची. न ताणता गुंडाळली तर ती एकजीव होत नाही आणि बऱ्याच जणांचं इथंच चुकतं. जिथं काळं बाहेरचं आवरण संपतं आणि तीन तारा वेगळ्या होतात त्या दोन्ही तोंडांना मास्टिक (फटी भरायचा चिकट मऊ लांबी) दाबून तारांच्या मधल्या खाचा भरायच्या, मग वरची मोठी स्लीव्ह. रेझिन ओतायचे साचे पण मिळतात, ते चांगलेच आहेत, गोल केबलला तर फारच, पण ते पूर्ण कडक व्हायच्या आत बोअरमध्ये सोडू नका, आणि रेझिनची कांडी जिथं संपते तिथं केबलला वाक येऊ देऊ नका.

ओढीचं काम जॉईंटला द्यायचंच नाही. मोटर सुरू होताना हिसक्यानं पाईप पिळला जातो, दर वेळी. जॉईंटच्या खाली वीतभर आणि वर वीतभर केबल पाईपला घट्ट बांधायची आणि मधे जॉईंट किंचित सैल ठेवायचा, नागमोडी. बाकी केबल दर तीन मीटरला. जॉईंट पाईपच्या कपलरवर (दोन पाईप जोडणाऱ्या जाड तुकड्यावर) येऊ द्यायचा नाही, तिथं तो केसिंगच्या आणि दगडाच्या मधे चेपतो.

आणि सोडायच्या आधी पाण्यात बुडवून ठेवायचा. ही पायरी घाईत सगळे गाळतात आणि मला सगळ्यात जास्त हिचंच महत्त्व वाटतं. मोटर बोअरशेजारी आडवी ठेवा, बादलीत मूठभर मीठ टाकून फक्त जॉईंट रात्रभर बुडवा, केबलचं वरचं टोक कोरडं राहू द्या. सकाळी मेगरचं एक टोक तारेला आणि दुसरं बादलीत सोडलेल्या उघड्या तांब्याच्या तारेला. पाण्यातच जॉईंट हळू वाकवून परत बघा. आकडा संध्याकाळी होता तेवढाच राहिला पाहिजे. बादलीत पास झाला म्हणजे साडेपाच किलो दाबाला टिकेलच असं नाही, पण बादलीतच पडला तर खाली टिकणार नाही हे नक्की, आणि तो शोध चार गड्यांच्या मजुरीशिवाय लागलेला असतो. काका म्हणाले, "एक रात्र पाणी थांबलं तर बागेचं काय?" मी म्हणलं काका, चार वेळा मिळून किती रात्री गेल्या ते मोजा. थांबले.

काही गोष्टी अजून. तुकडा जोडताना खालचा ४ स्क्वेअर असेल तर वरचा २.५ घेऊ नका, जॉईंट कितीही चांगला असू दे, व्होल्टेज तिथं खाल्लं जातं. आणि वर स्टार्टरपाशी पोलवरून आलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याला पीळ मारून जोडलेली असते, तिथं ॲल्युमिनियमवर ऑक्साईड धरतो, दोन धातू आणि ओलावा मिळून गंज लवकर होतो, एक फेज जाते आणि मोटर दोन फेजवर घुमत जळते. बाय-मेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसरीकडं तांबं असलेलं टोक) लावा किंवा टर्मिनल ब्लॉक वापरा, तिथं पीळ नको. स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणाऱ्या मोठ्या मोटरला दोन केबल म्हणजे सहा तारा असतात, त्यांना कापायच्या आधीच दोन्ही बाजूंना नंबराच्या चिकटपट्ट्या लावा, रंगावर जाऊ नका कारण दोन्ही केबलींत तेच तीन रंग असतात. साध्या मोटरला जोडल्यावर पाणी कमी वाटलं तर उलटी फिरत असेल, स्टार्टरवर कुठल्याही दोन फेज बदलून बघा, जॉईंट उघडायला जाऊ नका.

काकांच्या स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं मी मार्करनं पहिला मेगर लिहून ठेवला, तारीख आणि ५५ मेगओहम, आणि त्यांच्या पोराला दर महिन्याला कसा बघायचा ते दाखवलं. पाण्यात मुरल्यावर मोटरचा आकडा थोडा उतरतोच, एकदम पडायला नको. एप्रिलमध्ये त्यानं ४०, मेमध्ये ३८, जूनमध्ये ३८ लिहिलंय. मधल्या जुन्या दोन जॉईंटला आम्ही त्या वेळी हात लावला नव्हता, ते आता पाऊस लागल्यावर बागेला पाण्याची घाई नसेल तेव्हा वर काढून असेच करायचे ठरलेत.